चार वाजताचा फोन आणि वायरचे हेडफोन

टोमॅटोच्या बाजारात फोनवर ‘बरं’ म्हणणं ही साधी गोष्ट नाही. नारायणगावच्या मार्केटात मी बावीस वर्षं एका आडतीवर लिलाव पुकारतोय, आणि एवढ्या वर्षांत माझं एक ‘बरं’ मागं फिरलेलं नाही. बाहेरगावचा व्यापारी फोन करतो, इतके क्रेट, असला माल, गाडी अमुक वाजता. मी त्याचं त्यालाच परत म्हणून दाखवतो आणि शेवटी विचारतो, “बरोबर?” तो म्हणतो, “बरोबर.” मग मी म्हणतो, “बरं.” झालं. कागद नाही, सही नाही. त्यानंतर भाव वर जावो नाहीतर खाली, माल त्याचा. हे मी घरी इतक्या वेळा ऐकवलंय की मी सुरुवात केली की उरलेलं वाक्य बायकोच पुरं करते.

तर अशा ह्या शब्दाला पक्क्या माणसानं पोटच्या पोरीला एकदा ‘बरं’ म्हटलं, आणि आपण कशाला बरं म्हटलं हे त्याला ठाऊकच नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर मी हेडफोन शोधत का फिरलो, त्याचं मूळ ह्यात आहे. पोरांना गाणी ऐकायला लागतात तसले मला नको होते.

आमचं घर निरगुडसरला. मुलगी पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. एकुलती एक. तिला दुपारी चारला वीस मिनिटं सुट्टी मिळते, तेव्हा ती कँटीनबाहेर उभी राहून मला फोन करायची. रोज. आता चारला आमच्याकडं काय असतं? लिलावाची ऐन वेळ. टेम्पो मागं घेतायत, ट्रॅक्टर सुरूच ठेवलेत, हमाल क्रेटवर क्रेट आदळतायत, शेजारच्या गाळ्यावरचा पुकारणारा माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडतोय. त्यात मी पुकारायच्या पाटावर उभा, एका हातात पावत्या, दुसऱ्या हातात फोन कानाला गच्च दाबलेला, आणि माझी पोरगी मला काहीतरी सांगतेय.

खरं सांगतो, गेली दोन-तीन वर्षं तिचं बोलणं मला धड कळत नव्हतं. व्यापाऱ्यांचं कळायचं. त्यांचे आवाज जाड, आणि ते बोलणार काय हे मला आधीच माहीत. वीस शब्दांतलं त्यांचं बोलणं असतं. समोर उभ्या माणसाचं तर प्रश्नच नाही, त्याची बोटं, त्याचे ओठ, त्याची मान हे सगळं मी बघतो. पण पोरीचा आवाज बारीक, आणि ती बोलायची काहीही. वॉर्डातली म्हातारी, होस्टेलची भाजी, मैत्रिणीचं लग्न. मी आपला म्हणायचो, “हां. बरं, बरं. जेवलीस का?” पुन्हा “बरं.” माझं ध्यान समोरच्या क्रेटवर. तिला वाटायचं दादा ऐकतायत. आमच्याकडं बापाला दादा म्हणतात.

मग एका आठवड्यात तिचे चारचे फोन बंद झाले. पहिले दोन दिवस मला, लाज वाटते सांगायला, बरंच वाटलं, की चला, लिलावात खंड नाही. चौथ्या दिवशी चार वाजले की हात आपोआप खिशाकडं जायला लागला. आठवडा गेला तशी मला करमेना. रात्री आईला तिचा फोन येत होता. मी शेजारी बसलेलो असलो तरी माझ्याकडं फोन यायचा नाही.

शेवटी जेवताना मी बायकोला विचारलं, “तिला माझा काय राग आलाय का?”

तिनं ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, “राग कशाला येतोय. तुमी म्हणालात तसंच करतीय ती.”

“मी काय म्हणालो?”

“कॉलेजातली जागा सोडतीय की. तुमालाच विचारलं ना तिनं.”

मला काही समजेना. मग तिनं नीट सांगितलं. पोरीनं नर्सिंगचा डिप्लोमा केलाय, त्याच्यापुढच्या पदवीला तिचा नंबर लागला होता. दोनदा हुकलेला नंबर ह्या खेपेला लागला. पण त्याच आठवड्यात दवाखान्यानं तिला कायम करायची तयारी दाखवली. कॉलेज धरलं तर दिवसपाळीची नोकरी सुटणार. तिनं विचार केला, दादांना विचारावं. चारला मला फोन केला आणि विचारलं, “दादा, नोकरी धरते, जागा सोडून देऊ का?”

“आणि तुमी म्हणालात,” बायको म्हणाली, “बरं, बरं, कर.”

मी हातातला घास ताटात ठेवला. ही पोरगी दहावीला असताना मोटर चालू करायला रानात जायची तर बगलेत पुस्तक घेऊन जायची, आणि पाणी दुसऱ्याच्या वावरात शिरलं तरी हिचं धडा वाचणं चालूच. पदवीचं नाव काढलं की तिचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. आणि तिला मी सांगितलं होतं, सोडून दे.

मी बायकोवरच उखडलो. “तुला कळलं तेव्हा मला का नाही विचारलंस?”

“काय विचारू?” ती शांतपणे म्हणाली. “फोनवर बरं म्हटलं की माल गेला. तुमीच सांगता.”

जेवण तसंच ठेवून मी उठलो. हात धुताना लक्षात आलं, ही गेले आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललीय. दोघी मायलेकी एकाच समजात होत्या, की बापाला पोरीचा पगार पाहिजे, शिक्षण नको. आणि दोघींनी ते गिळून घेतलं होतं. ह्याचं मला जास्त वाईट वाटलं.

रविवारी मीच तिला फोन केला. घरात शांत होतं, बायको शेजारी बसली होती. मी म्हणालो, “बाळा, जागा सोडू नको.”

तिनं लगेच विचारलं, “आई शेजारी बसलीय ना?”

बसलीच होती, काय सांगणार?

“राहू द्या दादा. आईनं समजावलं म्हणून बोलताय. मार्केटात असता तेव्हा तुम्ही तुमच्या मनाचं बोलता, ते मला माहितीय. मी नाराज नाहीये, खरंच. तुम्ही तरी किती वर्षं उभं राहणार तिथं?”

त्याच वेळी एक वाक्य म्हणायचं होतं: मला ऐकू आलं नव्हतं. चार शब्द. तेवढे माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी म्हणालो, “बरं, बघू,” आणि फोन ठेवला.

का नाही बोललो? कारण बायको ऐकत होती. आणि तिच्यापाठोपाठ, मला वाटलं, सगळं मार्केट ऐकेल. पुकारणाऱ्याचं सगळं कानावर. कुणी कोपऱ्यातून हळूच भाव वाढवला, तो ऐकला पाहिजे. ह्याला ऐकू येत नाही अशी बोलवा उठली की शेतकरी म्हणणार, माझ्या मालाला पुढची बोली आली होती, ह्यानं ऐकलीच नाही. बावीस वर्षांची पत एका दिवसात जाते. आमचे शेठ चांगले आहेत, पण ते तरी काय करतील? हे सगळं मनात आलं, आणि मी पोरीपेक्षा पत धरली. हे मी आज लिहू शकतो, तेव्हा मला ते कबूल नव्हतं.

तेव्हा मी एक हुशारी काढली. हेडफोन घ्यायचे. मार्केटात तिचा आवाज मला नीट ऐकू आला की मी तिथूनच, चार वाजता, गोंगाटात उभा राहून तिला सांगेन की जागा धर. म्हणजे तिचीही खात्री पटेल, आणि मला कुठंच काही कबूल करावं लागणार नाही. कॉलेजात हजर व्हायची मुदत पुढच्या पुढच्या सोमवारपर्यंत होती. पंधरा दिवस हातात. माझा हिशेब मला लई पटला.

पहिला हेडफोन मी हायवेवरच्या एका चकचकीत दुकानातून घेतला, गळ्यात अडकवायचा. दुकानदारानं कानात घालून गाणं लावलं. एसी चालू, काचेचं दार बंद, ढोल असा काही वाजला की माझी दाढ हलली. “बेस बघा काका,” तो म्हणाला. मीही मान डोलवून घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी बायकोला सांगून ठेवलं, चारला मला फोन कर आणि काहीही बोल. तिनं केला. कानात नुसती घुमघुम. ती बोलतेय हे कळत होतं, काय बोलतेय त्याचा पत्ता नाही. वर ती म्हणाली, तुमच्याकडून मला तुमच्यापेक्षा शेजारचा पुकारणाराच चांगला ऐकू येत व्हता.

तीन दिवस असेच गेले. आवाज पूर्ण वाढवून बघितला तर कान दुखायला लागला आणि संध्याकाळी डोक्यात किर्र वाजत राहिलं. मी परत त्या दुकानात गेलो. तो म्हणाला, मग तुम्हाला महागातला लागेल, बाहेरचा आवाज मारणारा. किंमत ऐकून मी जे काही बोललो ते इथं लिहीत नाही.

एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला मोबाइल दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खिडकी, एक दिवा आणि एक बाई. असेल तिशीची, भीमाशंकरकडच्या डोंगरातली. तोवर मी तिच्याकडून एकदा काच बदलून घेतली होती, तेवढीच ओळख. जीपची वाट बघत उभा होतो, रागात होतोच, तो तिच्या खिडकीत टेकलो आणि म्हणालो, “तो आवाज मारणारा हेडफोन म्हणतात तो तुझ्याकडं हाये का?”

तिनं मान वर केली नाही. “कशाला पायजे?”

“गोंगाटात फोनवरचं बोलणं ऐकायला.”

“कुटल्या गोंगाटात?”

मी मार्केटाचं, पोरीच्या चारच्या फोनचं सगळं सांगितलं. तेव्हा तिनं हातातला चिमटा खाली ठेवला. खणातून कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला मोठा हेडफोन काढला, माझ्या डोक्यावर चढवला आणि बटण दाबलं. समोर एसटीचं इंजिन धडधडत होतं ते एकदम विझल्यासारखं झालं. मी चाट पडलो. पण लगेच कंडक्टर ओरडला, तो मात्र चांगला ऐकू आला. जीपवाला “मंचर, मंचर” करत होता, तोही ऐकू आला.

“कळलं का?” ती म्हणाली. “हा इंजिन मारतो, पंखा मारतो. एकसारखा आवाज असला की मारतो. माणसं न्हाई मारत. तुमच्या मार्केटात वरडतंय कोण? माणसंच ना? पैसं वाया घालवू नका.”

विकायला बसलेली बाई असं बोलते हे मला नवीन होतं. मग ती म्हणाली, “काका, आदी कान तपासले का?”

माझं डोकं फिरलं. “कानाला काय झालंय माझ्या?”

“मला काय म्हाईत. पण मगापासून मी बोलतीय तर तुमी माझ्या तोंडाकडंच बघताय. माझा बाप असाच बघायचा. आमी समजायचो, म्हाताऱ्याचं ध्यान नसतं.” तेवढं बोलून तिनं चिमटा उचलला आणि पुन्हा कामाला लागली.

मी जीपमध्ये बसलो, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता मंचरला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. एका बंद खोलीत बसवलं, कानावर टोप्या लावल्या, आवाज आला की बोट वर करा म्हणाले. सुरुवातीला माझं बोट वर-खाली, वर-खाली. मग बराच वेळ काहीच आवाज येईना. मला वाटलं मशीन बिघडलं. काचेपलीकडची मुलगी मात्र बटणं दाबतच होती. ती दाबतेय आणि मला काही ऐकू येत नाही, हे समजायला मला थोडा वेळ लागला. त्या खोलीत मला रडू आलं.

डॉक्टर म्हणाले, जाड आवाज अजून चांगले आहेत, बारीक आवाज उतरलेत. इतकी वर्षं आरडाओरड्यात काढली की असं होतं. बायकांचे, मुलांचे आवाज आधी निसटतात, त्यात गोंगाट असला तर जास्तच. पुढं मशीन लावावं लागेल, त्याला वेळ आहे. तोवर फोनला हेडफोन वापरा, पण आवाज फार वाढवू नका, असलेलेही जातील. मी विचारलं, “म्हणजे पोरीचं बोलणं मला कळत न्हाई ते...” ते म्हणाले, “तुमचा दोष नाही तो.” पण दोष माझा होताच. ऐकू न येणं हा नव्हे. ऐकू आल्यासारखं दाखवणं, तो.

त्या दुपारी तडक त्या दुरुस्तीवाल्या बाईच्या खिडकीशी गेलो. कागद दाखवला. तिनं वाचला की नाही कोण जाणे, पण मान हलवली आणि तीन हेडफोन काढले. तिन्ही वायरचे, तिन्ही स्वस्तातले. म्हणाली, “दुकानात सगळेच चांगले वाजतात. चला.”

मला तिनं हायवेच्या कडेला उभं केलं, जिथं ट्रक गिअर बदलतात तिथं. स्वतः दुकानामागं भिंतीआड गेली आणि तिथून फोन लावला. हातात जुना पेपर. त्यातलं ती वाचणार आणि मी परत म्हणून दाखवायचं. येणारे-जाणारे बघतायत, एक धोतरवाला पावणा तर थांबूनच राहिला. पहिला हेडफोन कानात ढिला बसत होता, अर्धं गेलं. तिनं येऊन रबराच्या टोप्या बदलल्या, मोठ्या घातल्या, आणि बूच बसवावं तशा माझ्या कानात दाबून बसवल्या. बाहेरचे ट्रक निम्मे झाले. मग फोनमध्ये जाऊन बेस कमी केला, बारीक आवाज वर घेतले. पुन्हा भिंतीआड गेली.

“जुन्नर भागात द्राक्षबागांच्या छाटण्यांना वेग,” कानात आवाज आला. कसलंही घुमणं नाही. तिच्या आवाजातला डोंगराकडचा हेलसुद्धा कळत होता. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मोठ्यानं म्हणालो, “जुन्नर भागात द्राक्षबागांच्या छाटण्यांना वेग. बरोबर?”

“बरोबर,” ती म्हणाली.

मग तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, वायरला ती जी छोटी डबी असते त्यात माइक असतो, ती ओठांजवळ धरायची, म्हणजे मागचं मार्केट तिकडं कमी जाईल. “कानात काय घातलं ह्याच्यापेक्षा तोंडाजवळ काय हाये ते लई महत्त्वाचं. तिकडं बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ तर आणखीच. पोरगी कँटीनपाशी फोन लांब धरून बोलत आसंल तर तुमी हितं सोन्याचा हेडफोन घाला, काय उपेग न्हाई. तिलाबी एक द्या.” म्हणून मी एकाऐवजी दोन घेतले. दोन्ही मिळून त्या चकचकीत दुकानातल्या एकापेक्षा स्वस्त पडले.

दुसरी गोष्ट तिनं मी निघाल्यावर सांगितली. “दोनी कानांत घालायचा, काका. एक कान लिलावाला उघडा ठेवाल तर पोरीचं बोलणं पुन्ना निसटणार.”

“मग लिलाव कसा ऐकू?”

“ते तुमी बघा,” ती म्हणाली.

घरी गेलो आणि बायकोसमोर डॉक्टरांचा कागद ठेवला. एवढ्या सगळ्या धडपडीनंतर तिला सगळं सांगितलं. ती कागदाकडं बघत राहिली. म्हणाली, “टीव्ही एवढा मोठा लावता, मला संशय व्हता. पण मार्केटात तर तुमाला सगळं कळतं.” मी म्हणालो, “मार्केटात बघून कळतं. फोनवर काय बघू?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लगेच रागही आला. “म्हंजे माझी पोरगी आपला बाप असा हाये असं समजून बसलीय, आन तुमी हेडफोन शोधत हिंडताय? एक फोन करून सांगायचं व्हतं.” मी दुसरा हेडफोन तिच्यापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती सकाळच्या गाडीनं पुण्याला गेली. पिशवीत भाकरी, ठेचा आणि दुसरा हेडफोन. जाताना मी तिला गळ घातली, ऐकू न आल्याचं तू सांगू नको. फक्त हेडफोन दे आणि चारला मला फोन कर म्हणावं, भिंतीकडं तोंड करून. बाकीचं माझं मी बोलतो. मुदत सोमवारची होती.

त्या शुक्रवारी मार्केट तुडुंब होतं. चारला पाच कमी असताना मी वायर खिशातून काढली. एक कान घातला, दुसरा लोंबता ठेवला. जमेल, असं अजूनही वाटत होतं. समोर एका शेतकऱ्याचे क्रेट लागले होते, बोली चढत होती. फोन वाजला.

“दादा,” ती म्हणाली, आणि पुढचं ‘पंधरा, वीस, पंचवीस’मध्ये वाहून गेलं.

समोर व्यापारी बोट वर करून माझ्याकडं बघतोय. कानात पोरीचा आवाज, बारीक, अर्धा. मी तोंड उघडलं. ‘बरं’ अगदी ओठावर आलं होतं.

मी हात वर केला आणि म्हणालो, “थांबा. लिलाव थांबवा.”

बावीस वर्षांत मी चालू बोली मध्येच थांबवली नव्हती. समोरचे वीस-पंचवीस लोक गप्प झाले. शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले. त्यांना वाटलं घरी काहीतरी बरंवाईट झालं. मी दुसरा कानही घातला, दाबून बसवला, माइकची डबी ओठांशी धरली.

“हां, बोल आता.”

“दादा, कुठं आहात तुम्ही?”

“मार्केटात. पाटावर.”

“मग एवढं शांत कसं?”

“लिलाव थांबवलाय.”

तिनं विचारलं, “का?” त्या एका अक्षरातली तिची भीती मला ऐकू आली. इतक्या वर्षांत अशी कितीदा तिच्या आवाजात काही काही असेल आणि मी जेवलीस का म्हणून पुढं गेलो असेन, देव जाणे.

आता सोपं होतं. जागा धर, एवढंच म्हणायचं, आणि पत शाबूत. पण ती पुन्हा म्हणाली असती, आईनं हेडफोन आणलाय, आईनंच बोलायला लावलंय. समोर सगळे बघत होते. शेठ तर अगदी जवळ येऊन उभे होते.

“त्या दिवशी तू जागेचं विचारलंस,” मी म्हणालो, “ते मला ऐकू आलं नव्हतं. एक शब्द कळला नव्हता. मी नुसतंच बरं म्हणालो. माझ्या कानांत दोष आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. तुझं बोलणं मला लई दिवसांपासून कळत न्हाई, आन मी कळल्यासारखं करत आलो. माझं चुकलं, बाळा.”

आमच्या आवाजाला सवय पडलीय ना, हळू बोलता येतच नाही. सगळ्या गाळ्यानं ऐकलं. मी खाली मान घालून उभा होतो. वर बघितलं तर बोट वर केलेला तो व्यापारी अजून तसाच उभा होता, फक्त बोट खाली घेतलं होतं. माझ्याच वयाचा माणूस. त्यानं स्वतःच्या डाव्या कानावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. मग शेजारच्या गाळ्याकडं वळून म्हणाला, “ए, गप्प बसा रे दोन मिनटं.” शेठनी माझ्या हातातल्या पावत्या घेतल्या.

पोरगी रडत होती. वायरमधून तिचं नाक ओढणंसुद्धा स्वच्छ ऐकू येत होतं.

“मग आता मी काय करू?” ती म्हणाली.

“तुला काय करायचंय ते सांग. सगळं सांग. मी ऐकतोय.”

ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग भराभर. मी मध्ये हां नाही म्हटलं की हूं नाही. सात-आठ मिनिटं तरी बोलली असेल. समोर क्रेट उन्हात तसेच होते. तिचं संपल्यावर, व्यापाऱ्याला म्हणून दाखवतो तसं मी तिचं तिला परत म्हणून दाखवलं.

“नोकरीपेक्षा तुला कॉलेजच पाहिजे. पहिल्यापासून तेच पाहिजे होतं. सोमवारी सकाळी मूळ कागद घेऊन हजर व्हायचं. दवाखान्यात रात्रपाळी मिळाली तर करायची, न्हाई मिळाली तर न्हाई. आई दोन दिवस तुझ्याकडं राहणार. आन दादानं घाबरायचं न्हाई. बरोबर?”

“बरोबर,” ती म्हणाली.

मग मी म्हणालो, “बरं.”